वळणदार केसांचा एकांगी कट : बाजू कोणती निवडावी?

मागच्या पावसाळ्यात गोंदियातील आमच्या वस्तीत एका घरी केसांवरून अबोला झाला. बारावी झालेला मुलगा एका कानावर बारीक मशीन फिरवून आणि दुसऱ्या बाजूला कपाळावर उतरणारी झुलपे ठेवून घरी आला. "न्हाव्याला अर्धेच पैसे दिलेस काय रे?" वडिलांनी विचारले. दोघेही निवाड्यासाठी आमच्याकडे आले. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. तरीही मुलाला उजेडात उभे करून पाहिले, तेव्हा कट वाईट वाटला नाही. बाजू मात्र चुकली होती.

डोक्याच्या मागे भोवरा असतो. तो जिकडे वळतो तिकडे केस आपोआप पडतात. लांब केस त्याच बाजूला हवेत. उलट बाजूला ठेवले तर कितीही दाबा, ते उभेच राहणार. आपली बाजू ओळखायला खर्च नाही. डोके धुवावे, फणी लावू नये, मान झटकावी आणि केस वाळल्यावर आरशात पाहावे.

सरळ नाहीत आणि कुरळेही नाहीत, अशा वळणदार केसांची आणखी एक गंमत आहे. ओले असताना ते ताणले जातात आणि वाळले की आखडतात. कारागीर पाणी मारून भुवईपर्यंत कापतो, घरी येईपर्यंत ते अर्ध्या कपाळावर चढतात. म्हणून दोन बोटे जास्त ठेवायला सांगावे. दाताळी कात्री फार चालवू देऊ नये, केस भुरभुरतात. पहिल्या वेळी आखूड बाजूलाही मशीनऐवजी कात्रीच बरी. गोल चेहऱ्याला वर थोडी उंची शोभते. लांबट चेहऱ्याने कानाकडची बाजू अगदीच बोडकी करू नये.

आपल्या धानाच्या मुलखात पावसाळ्यात हवा ओलसर असते. केस ती ओल शोषून फुगतात. टॉवेलने खसाखसा पुसू नये, टिपावेत. ओलसर असतानाच रुंद दातांची फणी फिरवावी आणि खोबरेल तेलाचे दोन थेंब तळहातावर चोळून टोकांना लावावेत. पुढे हात लावू नये. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेव्हा आखूड बाजू तीन-चार आठवड्यांनी नीट करावी लागते. लांब बाजू दोन महिने चालते. शनिवारी, अमावास्येला केस कापू नयेत म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही मुद्दाम त्याच दिवशी जातो. गर्दी नसते, कारागीर निवांत कापतो. पोलीस किंवा सैन्य भरतीची तयारी असेल तर मात्र हा कट नकोच.

लंडनमध्ये विडाल ससून नावाचा कारागीर होऊन गेला. जन्म १९२८, गरीब ज्यू घर, बालपणाची काही वर्षे अनाथालयात. महायुद्धानंतर तो फॅसिस्टांशी रस्त्यावर लढणाऱ्यांत सामील झाला. १९५४ साली त्याने स्वतःचे सलून काढले आणि पुढच्या दशकात, केस जसे पडतात तसेच कापावेत, म्हणून दोन बाजू असमान असलेले कट रूढ केले.

वडिलांना हे सांगितले. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "आमच्या बापाचे केस घरच्याच माणसाने कापले. आम्ही सलूनच्या खुर्चीत बसलो ते नीटनेटके दिसायला. लोकांनी हसावे म्हणून नाही." या बोलण्यावर आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. साताऱ्यात न्हावी होते, द्यायला पैसे होते, तरी लहानग्या बाबासाहेबांचे केस मोठी बहीण कापायची, कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १९२७ साली महाडला त्यांनी स्त्रियांना स्वच्छ, नीट राहण्याविषयी सांगितले, तेही वडिलांना पाठ होते.

शेवटी आम्ही एवढेच म्हटले की पोरगा गबाळा राहत नाही, आरशापुढे उलट जास्तच वेळ घालवतो. वडील हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

दिवाळीआधी मुलाने बाजू बदलून घेतली. केस आता कपाळावर लाटेसारखे बसतात. त्या दिवशी वडीलही सोबत गेले होते. खुर्चीत आधी तेच बसले.