जुन्या जीपची पेट्रोलची नळी

दुसऱ्या महायुद्धांत (१९३९–४५) नांवाजलेली विलीस जीप आमच्या धाराशिव जिल्ह्यांत आम्हीं अद्याप जपून ठेविली आहे. गेल्या ज्येष्ठांत सोयाबीनच्या बियाण्याचीं पोतीं घेऊन येतां तुळजापूरच्या घाटांत ती बंद पडली. टाकींत पेट्रोल होतें, कार्ब्युरेटरांत पोंचेना. या इंजिनांत कार्ब्युरेटर व धुराची बिडाची नळी एकाच अंगास असतात. कारागिरानें पेट्रोलची नवी नळी जवळची वाट म्हणून त्या बिडालगत नेली होती. उष्णतेनें पेट्रोलची वाफ होऊन पंप पोकळ चाले. पंपावर ओलें फडकें घातलें, तेव्हां अर्ध्या घटकेनें गाडी हलली. घरीं येतांच नळी चार बोटें दूर घेऊन क्लिपांनीं आवळविली. जोडांतून थेंब गळून बिडावर पडल्यास भडकाच! इंजिन हालतें, चौकट हालत नाहीं. म्हणून मध्यें रबरी तुकडा लागतोच. तो चिरण्यापूर्वीं बदलावा.