नव्या लॅपटॉपवर लिनक्सला डिस्क दिसेना? आधी कारण शोधा



शिष्यवृत्तीच्या पैशांतून किंवा हप्त्यावर घेतलेला नवा लॅपटॉप. हौसेने लिनक्स टाकायला बसावे, तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही किंवा वाय-फाय चालत नाही. कुणीतरी म्हणते, "या मशीनवर लिनक्स चालतच नाही." मग कुठून तरी पायरेटेड विंडोज येते आणि तिच्यासोबत व्हायरसही. कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासा, असे बुद्धांनी कालामांना सांगितले होते. तेच इथेही करायचे आहे.

लिनक्स हार्डवेअर ओळखते कसे? वाय-फाय चिप, ग्राफिक्स, कॅमेरा यांना दोन क्रमांक असतात: एक कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. इंटेलचा कंपनी क्रमांक ८०८६ आहे. कर्नल हे क्रमांक वाचतो आणि आपल्याकडच्या ड्रायव्हरशी जुळवतो. क्रमांक जुळला की ड्रायव्हर सुरू होतो. अडचण आली, तर बहुधा पुढीलपैकी एक कारण असते.

१) कर्नल जुना, चिप नवी. उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये ६.८ कर्नलसह आली. त्यानंतर बाजारात आलेली चिप तिला ठाऊक नसू शकते. कर्नलची नवी आवृत्ती साधारण ९-१० आठवड्यांनी येते. म्हणून मित्राकडचा जुना पेन ड्राइव्ह वापरू नका, ताजी आयएसओ फाइल उतरवा.

२) फर्मवेअर नाही. ड्रायव्हर असला तरी अनेक चिपना कंपनीची छोटी फाइल लागते. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये पूर्वी अशा मुक्त नसलेल्या फाइल नसत. २०२२ मधल्या मतदानानंतर, जून २०२३ च्या डेबियन १२ पासून त्या मिळू लागल्या.

३) बायोसची सेटिंग. इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये 'व्हीएमडी' किंवा 'आरएसटी' सुरू असते, त्यामुळे इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाही. ते बंद केल्यावर ती दिसू शकते. पण सावधान! विंडोज आधीपासून असेल तर ती सुरू होणे थांबू शकते. बदल करण्यापूर्वी फाइलींचा बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा.

तपासायचे कसे? पेन ड्राइव्हवरून आधी लाइव्ह चालवा, इन्स्टॉल करू नका. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, झाकण मिटल्यावर झोपणे-उठणे, सगळे पाहा. टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड 'एनएनके' पर्यायासह चालवली की पीसीआयवर जोडलेल्या वस्तूंचे क्रमांक आणि सुरू असलेला ड्रायव्हर दिसतो. ड्रायव्हरची ओळच नसेल, तर अडचण तिथे आहे. ड्रायव्हर असूनही वस्तू चालत नसेल, तर 'डीमेसेज'मध्ये 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. वाय-फाय बंद असल्यास मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा आणि इन्स्टॉल झाल्यावर सिस्टिम अपडेट करा.

मदत मागताना "चालत नाही" एवढेच सांगू नका. लॅपटॉपचे मॉडेल, चिपचे क्रमांक आणि कर्नलची आवृत्ती सांगा.

एक विनंती. तोडगा सापडला की तो आपल्या विहाराच्या अभ्यासिकेतल्या वहीत लिहून ठेवा: मॉडेल, अडचण, कारण, उपाय. पुढच्या मुलीला किंवा मुलाला तीच रात्र पुन्हा जागवावी लागणार नाही.