पूर्वज्ञानाची ओळ

नववीच्या वर्गात बर्फाचे दोन सारखे तुकडे दोन ताटल्यांत ठेवावेत. एक उघडा, दुसरा घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. मग विचारावे, आधी कोणता वितळेल? हा प्रश्न मी अनेक वर्गांत विचारला आहे. दर वेळी बरेच हात घोंगडीतल्या बर्फाच्या बाजूने वर जातात. एकदा एका मुलीला कारण विचारले. ती म्हणाली, “सर, घोंगडी गरम असते ना!” तिच्या वहीत उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक यांची व्याख्या सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती. लोकर दुर्वाहक असते, हे उदाहरणही तिथे होते. शाळेसमोरच्या रसवंतीत बर्फाची लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळून ठेवलेली ती रोज पाहत होती.

व्याख्या पाठ होती, लादी डोळ्यांसमोर होती, तरी उत्तर चुकले. या मुलीला आपण ‘कच्ची’ म्हणणार का? माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या अध्यापनाचा विचार इथून सुरू करावा असे मला वाटते, कारण तिचे उत्तर अज्ञानातून आलेले नाही. ते अनुभवातून आलेले आहे. थंडीत घोंगडी पांघरली की ऊब येते, मग घोंगडीतच ऊब असणार, हा तिचा तर्क आहे. ऊब आपल्या अंगाची असते आणि घोंगडी ती फक्त बाहेर जाऊ देत नाही, हे तिला कोणी अनुभवातून दाखवलेले नाही.

बी.एड. झालेल्या प्रत्येकाला टाचण माहीत आहे. पाठाचे नाव, उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन, संकलन, उपयोजन, गृहपाठ. त्यातच वरच्या बाजूला एक ओळ असते, ‘पूर्वज्ञान’ची. टाचणवहीत सर्वांत झटपट भरली जाणारी ओळ हीच असावी. ‘विद्यार्थ्यांना उष्णतेविषयी सामान्य माहिती आहे’ असे लिहायचे आणि पुढे जायचे. दरवर्षी तेच वाक्य, तेच शाईचे वळण.

ही ओळ आली कुठून? टाचणाच्या पायऱ्यांचा उगम जर्मन तत्त्वज्ञ योहान फ्रीड्रिश हर्बार्ट (१७७६–१८४१) याच्या विचारांत आहे. मनात आधीपासून असलेल्या कल्पना नव्या कल्पनेला पकडून घेतात, तेव्हाच ती रुजते, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून शिकवण्याआधी विद्यार्थ्याच्या मनात काय आहे ते चाळवायचे. झिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी त्यातून ठरावीक पाच पायऱ्या तयार केल्या आणि त्या शिक्षक-प्रशिक्षणातून जगभर पसरल्या. पायऱ्या टिकल्या. त्यांच्यामागचा प्रश्न मात्र वाटेत गळून पडला. आज पूर्वज्ञानाच्या ओळीत आपण मागच्या इयत्तेचा अभ्यासक्रम लिहितो. मुलांच्या डोक्यात खरोखर काय आहे, ते लिहीत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न पुन्हा वर आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये मांडले, की शिकण्यावर सर्वाधिक परिणाम करणारी गोष्ट म्हणजे शिकणाऱ्याला आधीच काय माहीत आहे ही होय. इंग्लंडमध्ये रोझलिंड ड्रायव्हर यांनी शाळकरी मुलांच्या विज्ञानविषयक कल्पनांचा बारकाईने अभ्यास केला. १९८३ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात मूल हे एक छोटा वैज्ञानिक म्हणून समोर येते. ते निरीक्षण करते, नियम बांधते. फक्त त्याचे नियम पुष्कळदा पाठ्यपुस्तकातल्या नियमांशी जुळत नाहीत, आणि केवळ सांगून ते पुसलेही जात नाहीत. परीक्षेपुरते मूल पुस्तकातला नियम वापरते, घरी गेल्यावर आपला.

मराठी माध्यमाच्या वर्गात या घरच्या नियमांना भाषेचे पाठबळ असते. १९७४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान शिकण्यातल्या भाषेच्या अडसराचा अभ्यास केला. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांची विज्ञानाची समज वाढते, हे त्यांनी दाखवून दिले. ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘अपवर्तन’ असे शब्द मुलाला अडवतात, हे आपल्याला दिसते. पण मला त्याहून फसवे वाटतात ते सोपे शब्द. ‘कार्य’ हा शब्द घ्या. डोक्यावर पोते घेऊन फलाटावर तासभर उभा असलेला हमाल त्या पोत्यावर काहीच कार्य करत नाही, असे भौतिकशास्त्र म्हणते. ज्या मुलाचा बाप हमाल आहे, त्याने हे वाक्य कसे ऐकायचे? त्याला प्रथम सांगायला हवे, की हा शब्द इथे निराळ्या अर्थाने घेतला आहे : बल लावले आणि वस्तू त्या बलाच्या दिशेने सरकली, तरच ‘कार्य’. बापाच्या श्रमाशी या शब्दाचा संबंध नाही. अवघड शब्दापाशी मूल थांबते आणि विचारते. सोप्या शब्दापाशी ते थांबतच नाही.

असाच आणखी एक सोपा शब्द म्हणजे हवा. एखादी गोष्ट ‘हवेत विरली’ म्हणजे नाहीशी झाली. निरर्थक बोलणे म्हणजे ‘हवेतल्या गप्पा’. कोणी जेवत नसेल तर आपण विचारतो, “हवा खाऊन जगतोस का?” आपल्या भाषेत हवा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मुले रसायनशास्त्राच्या तासाला येतात ती ही समजूत घेऊनच. अभिक्रियेत वायू तयार झाला, की त्यांच्या लेखी तेवढा पदार्थ ‘उडून गेला’, संपला. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम फळ्यावर लिहिला तरी ही समजूत हलत नाही.

ती हलवायला एक साधा पाठ आहे. शीतपेयाची दोन लिटरची जाड बाटली घ्यायची. तिच्यात साधारण ७५ मिलिलिटर व्हिनेगर ओतायचे. पातळ कागदाच्या पुडीत सुमारे ४ ग्रॅम खाण्याचा सोडा बांधून पुडी आत टाकायची आणि झाकण लगेच घट्ट लावायचे. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा, डोळ्यांना चष्मा लावावा आणि सोड्याचे प्रमाण वाढवू नये, कारण आत दाब तयार होतो. त्याआधी बाटली, व्हिनेगर, पुडी आणि झाकण एकत्र करून ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर तोललेले असावे. फसफस थांबल्यावर पुन्हा तोलायचे. पण त्याआधी प्रत्येकाने आपले भाकीत वहीत लिहायचे : वजन वाढेल, घटेल की तेवढेच राहील? बरेच जण ‘घटेल’ लिहितात. काट्यावरचा आकडा हलत नाही. मग झाकण हळूच सैल करायचे. फुस्स आवाज होतो आणि आकडा साधारण दीड ग्रॅमने उतरतो. जे बाहेर गेले ते ‘काहीच नाही’ नव्हते, त्याला वजन होते. मुलांनी लिहून ठेवलेले भाकीत इथे फार महत्त्वाचे. लिहिले नसेल तर नंतर प्रत्येकाला वाटते, मला हे आधीच ठाऊक होते.

हा पाठ रसायनशास्त्राचा. पण त्याची खरी गरज पडते जीवशास्त्रात. प्रकाशसंश्लेषण शिकवताना आपण पान स्पिरिटमध्ये उकळतो, आयोडीन टाकतो आणि निळसर काळा रंग दाखवतो. प्रयोग चांगला आहे, पण तो मुलाने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. मुलाला विचारून पाहा : अंगणातल्या आंब्याच्या खोडात एवढे लाकूड आले कुठून? उत्तर येते, मातीतून. शेतकऱ्याच्या घरचे मूल म्हणेल, खतातून. पिकाला आपण खत ‘खाऊ’ घालतो, मग ते त्याचे अन्नच असणार. १९९७ साली अमेरिकेत तयार झालेल्या एका माहितीपटात एमआयटीच्या नव्या पदवीधरांच्या हाती बी आणि लाकडाचा ओंडका देऊन हाच प्रश्न विचारला होता. हे वजन हवेतून आले, हे त्यांतल्या अनेकांना सुचले नाही.

या बाबतीत त्यांना आणि आपल्या मुलांना सोबतीण आहे ती मोठ्या माणसाची. यान बाप्टिस्ट व्हान हेल्मोंट याने २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. शेवटी झाडाचे वजन भरले १६९ पौंडांहून थोडे जास्त. मातीचे वजन फक्त दोनेक औंसांनी घटले होते. माती नव्हे, हे त्याने सिद्ध केले आणि निष्कर्ष काढला, की झाड पाण्याचे बनते. त्याच्या मृत्यूनंतर हे काम १६४८ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत अशी, की ‘गॅस’ हा शब्द जगाला देणारा माणूस हाच. लोणारी कोळसा जळताना निघणारा वायू त्याने ओळखला होता. तोच वायू झाडाचे लाकूड घडवतो, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही. पुढे प्रीस्टली आले, १७७९ मध्ये इंगेनहाउझ यांनी प्रकाशाची गरज दाखवली आणि १८०४ मध्ये द सोस्यूर यांनी मोजमाप करून कार्बन डायऑक्साइड व पाणी या दोहोंचा वाटा दाखवला. हेल्मोंटच्या ग्रंथापासून १५६ वर्षे! तेवढा प्रवास आपण ३५ मिनिटांच्या तासिकेत एका समीकरणाने उरकतो.

त्याच समीकरणात उत्तर दडलेले आहे. ग्लुकोजचा रेणुभार १८०. त्यात कार्बनचे ७२, ऑक्सिजनचे ९६ आणि हायड्रोजनचे १२. कार्बन आणि ऑक्सिजन येतात कार्बन डायऑक्साइडमधून, हायड्रोजन पाण्यातून. म्हणजे १८० पैकी १६८ भाग, सुमारे ९३ टक्के, हवेतून आलेले! हे गणित दहावीचे मूल स्वतः करू शकते. मातीतून झाड खनिजे घेते, तीही त्याला लागतातच, पण लाकडाच्या वजनात त्यांचा वाटा अगदी थोडा. ज्याने बाटलीतून दीड ग्रॅम वायू बाहेर पडताना पाहिला आहे, त्याला हा ९३ टक्क्यांचा आकडा पटतो. ज्याने पाहिला नाही, तो आकडा पाठ करतो.

म्हणून विज्ञानाचे नियोजन एकेका पाठाचे करून भागत नाही. दहावीला ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’चे दोन भाग आहेत, प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा आहे, आणि पुष्कळ शाळांत हे भाग दोन शिक्षक शिकवतात. एकाने वायूचे वजन कधी दाखवले, हे दुसऱ्याला ठाऊक नसते. वर्षाच्या आरंभी दोघांनी एक तास एकत्र बसून कोणता पाठ कोणत्या पाठाच्या आधी यायला हवा एवढे ठरवले, तरी पुष्कळ साधेल. ग्लासगोचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक ॲलेक्स जॉन्स्टन यांनी १९९१ मध्ये दाखवले, की रसायनशास्त्र तीन पातळ्यांवर चालते : डोळ्यांना दिसणारे, कणांच्या रूपात कल्पिलेले आणि चिन्हांत लिहिलेले. जाणकार माणूस तिन्हींत सहज ये-जा करतो. मुलावर त्या एकदम लादल्या की ते गोंधळते. बाटली पहिल्या दिवशी, रेणूंचे चित्र दुसऱ्या दिवशी, समीकरण तिसऱ्या. क्रम एवढाच.

यावर शिक्षकांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो खोटा नाही : वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम कोण संपवणार? या आक्षेपाला मोठ्या प्रमाणावर उत्तर द्यायचा प्रयत्न आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांत, प्रयोगातून विज्ञान सुरू केले. १९७८ मध्ये ते साऱ्या जिल्ह्यात गेले, १९८२ पासून ‘एकलव्य’ने ते सांभाळले. तिथे मुले गटात प्रयोग करत, शिक्षक दरमहा भेटून वर्गात आलेल्या अडचणी मांडत आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायची मुभा असे. परीक्षाच बदलल्यामुळे शिक्षकाला समजुतीसाठी वेळ देता येई. २००२ मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका निर्णयाने थांबू शकते. पण सरकारी शाळा, साधे सामान आणि नेहमीचे शिक्षक घेऊन हे करता येते, हे त्या तीस वर्षांनी दाखवलेच आहे.

आपल्याकडे परीक्षा बदलेपर्यंत एक शिक्षक एकटा काय करू शकतो? सगळे पाठ असे घेता येणार नाहीत, हे मान्य. वर्षातून सहा पाठ निवडावेत, ज्यांच्यावर पुढचे पुष्कळ काही उभे आहे. पाठाच्या आदल्या दिवशी शेवटची पाच मिनिटे एकच प्रश्न द्यावा, उत्तर कारणासह चिठ्ठीवर लिहून घ्यावे, गुण देऊ नयेत. घरी चिठ्ठ्या चाळून दोन-तीन ठळक समजुती निवडाव्यात आणि टाचणवहीतल्या पूर्वज्ञानाच्या ओळीत त्याच लिहाव्यात, मुलांच्या शब्दांत. ‘घोंगडी गरम असते.’ ‘वायूला वजन नसते.’ ‘झाड माती खाते.’ उद्याचा पाठ या वाक्यांना उत्तर म्हणून आखावा.

त्या दिवशी तास संपत आला तेव्हा उघड्या ताटलीतला बर्फ जवळजवळ पाणी झाला होता आणि घोंगडीतला तुकडा अजून शाबूत होता. ती मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारले, “म्हणजे रसवाल्या काकांना हे आधीपासून माहीत होतं?” पुढच्या पाठाचे टाचण मी त्या प्रश्नापासून लिहिले.