जर्नल कोणाचं? खुलं संशोधन-नियतकालिक काढण्यापूर्वी

आमच्या व्याख्यानांनंतर एक प्रश्न हमखास येतो. ‘आमचा विषय अगदी लहान आहे, त्यात काम करणारे जगभरात दोन-तीनशे लोक. आम्ही स्वतःचं ओपन ॲक्सेस जर्नल काढू शकतो का?’ काढता येतं. मात्र संकेतस्थळ तयार करण्याच्या आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : नाव कोणाचं, पैसा कुठून आणि पहिले लेख कोणाचे.

आधी मूळ अडचण बघू. शोधनिबंध लिहितो संशोधक, तो तपासतो दुसरा संशोधक, तोही बहुधा विनामोबदला. आणि तोच निबंध वाचायला विद्यापीठाने वर्गणी भरायची! ज्या कॉलेजला ती परवडत नाही, तिथला प्राध्यापक बाहेरच राहतो. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात यावरचा उपाय मांडला गेला : संशोधन इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता, उतरवून घेता आणि वाटता आलं पाहिजे.

आता पहिली गोष्ट, नाव. भाषाविज्ञानात ‘लिंग्वा’ नावाचं १९४९ पासूनचं जर्नल आहे. त्याच्या संपादकांनी प्रकाशक एल्सेव्हिअरकडे मागणी केली की जर्नल पूर्ण खुलं करा, लेखकांकडून घ्यायचं शुल्क कमी ठेवा आणि नावाची मालकी आमच्याकडे द्या. ते जमलं नाही. २०१५ च्या अखेरीस सहाही संपादकांनी आणि संपादक मंडळातल्या ३१ सदस्यांनी राजीनामे दिले आणि योहान रोरिक यांच्या नेतृत्वाखाली ‘ग्लोसा’ हे खुलं जर्नल सुरू केलं. माणसं सगळी बाहेर पडली, पण नाव आणि जुने अंक प्रकाशकाकडेच राहिले. यातून आपण काय घ्यायचं? नावाची मालकी पहिल्या दिवसापासून संशोधकांच्या संस्थेकडे, लेखी स्वरूपात असावी.

दुसरी गोष्ट, पैसा. वाचन फुकट म्हणजे खर्च शून्य, असं नव्हे. काही जर्नलं लेखकाकडून शुल्क घेतात. मग काय होतं, आधी वाचकाला दार बंद होतं, ते आता लेखकाला बंद होतं. लेखक आणि वाचक दोघांकडूनही काही न घेणाऱ्या पद्धतीला ‘डायमंड’ म्हणतात. तिथे विद्यापीठं, ग्रंथालयं किंवा अनुदानं खर्च उचलतात. खर्च किती खाली आणता येतो, हे गणितज्ञ टिमोथी गॉवर्स यांच्या ‘डिस्क्रीट ॲनालिसिस’ने २०१६ मध्ये दाखवलं. हे जर्नल निबंध स्वतःकडे ठेवतच नाही. निबंध ‘अर्काइव्ह’ या खुल्या साठ्यात असतो. जर्नल तो समीक्षकांकडून तपासून घेतं, स्वीकारलेल्या निबंधाची सोपी ओळख लिहितं आणि दुवा देतं. सुरुवातीला समीक्षेच्या व्यवस्थेचा खर्च दर निबंधामागे सुमारे १० डॉलर होता.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक. नव्या जर्नलला पत नसते. तरुण संशोधकाची नोकरी, बढती ‘निबंध कुठे छापला’ यावर ठरते. त्याने दोन वर्षांची मेहनत अनोळखी नावाखाली का द्यावी? म्हणून जोखीम आधी ज्येष्ठांनी घ्यायची. ‘डिस्क्रीट ॲनालिसिस’चा पहिला निबंध होता टेरेन्स ताओ यांचा. एर्डोश यांचा सुमारे ८० वर्षं न सुटलेला प्रश्न त्यात सोडवला होता. कुठल्याही नामांकित जर्नलने तो आनंदाने घेतला असता. ताओ स्वतः संपादक मंडळावर होते. अशा वेळी तपासणी मंडळातल्या दुसऱ्याने करायची, हा नियम मात्र पाळायलाच हवा.

हे ठरलं की बाकीचं काम सरळ आहे. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं. आयएसएसएन क्रमांक भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. हक्क लेखकाकडे ठेवून क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना द्यावा. समीक्षा कशी होते, कोण करतं, किती वेळ लागतो, हे उघड लिहावं. कारण पैसे घेऊन काहीही छापणारी बोगस जर्नलं ‘ओपन ॲक्सेस’चीच पाटी लावून बसली आहेत. ‘डीओएजे’ या खुल्या जर्नलांच्या सूचीत नव्या जर्नलला यायचं, तर वर्षभराहून अधिक काळ प्रकाशन किंवा किमान १० खुले शोधनिबंध दाखवावे लागतात, आणि वर्षाला किमान पाच निबंध छापावे लागतात. आणि जर्नल उद्या बंद पडलं तर निबंध कुठे राहतील, याची सोय आजच करायची.

तेव्हा मंडळी, घरी गेल्यावर आधी एक कागद घ्या. आपल्या विषयातल्या अशा पाच जणांची नावं लिहा, जे आपला सगळ्यात चांगला निबंध या नव्या जर्नलला देतील. पाच नावं झाली तर कामाला लागा. नाही झाली, तर आधी माणसं जोडा. जर्नल मागाहून निघेल.