बिडाचा तवा आणि कढई : निवड, वापर आणि आहारातील स्थान

ग्रामीण भागातील अनेक घरांच्या माळ्यावर एखादे काळे, जड भांडे गंजून पडलेले आढळते. त्या घरातील आजी एकेकाळी त्याच तव्यावर आंबोळ्या व घावन करीत असे. पुढच्या पिढीने नवा बिडाचा तवा बाजारातून आणला, धुऊन चुलीवर ठेवला आणि पहिलेच घावन त्याला चिकटून बसले. दुसऱ्या दिवशी तव्यावर तांबूस गंज चढला. तिसऱ्या दिवशी तवा माळ्यावर गेला. वस्तुतः यात तव्याचाही दोष नव्हता आणि तो वापरणाऱ्या सुनेचाही नव्हता. जे ज्ञान सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे नुसत्या पाहण्यातून जात असे, त्याची साखळी मध्येच तुटली होती. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टीलची हलकी भांडी घरोघरी आली, तेव्हा तवा गेला आणि त्याबरोबर त्याची विद्याही गेली.

हा विषय केवळ स्वयंपाकघरापुरता मर्यादित नाही. २०१९-२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील बालकांमध्ये हेच प्रमाण ६८.९ टक्के होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी आहारातील लोहाची कमतरता हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. लोखंडाच्या भांड्यात शिजविलेल्या अन्नात काही प्रमाणात लोह उतरते, ही गोष्ट शास्त्रीय प्रयोगांनी सिद्ध झालेली आहे. यास्तव या भांड्यांची निवड कशी करावी, ती कशी वापरावीत आणि त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीड म्हणजे काय?

येथे बीड या शब्दाचा त्याच नावाच्या जिल्ह्याशी संबंध नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड. शुद्ध लोखंड सुमारे १,५३८ अंश सेल्सियस तापमानाला वितळते. त्यात दोन ते चार टक्के कार्बन आणि थोडे सिलिकॉन मिसळले असता ते सुमारे १,२०० अंशांच्या आसपासच वितळते आणि वाळूच्या साच्यात सहज ओतता येते. कोल्हापूरचा परिसर अशा ओतकामाच्या कारखान्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. यंत्रांचे सुटे भाग ज्या पद्धतीने ओतले जातात, त्याच पद्धतीने तवे, कढया आणि आप्पेपात्रेही तयार होतात.

घिसाडी व लोहार बांधव पत्र्यापासून ठोकून जो तवा करतात, तो मात्र बिडाचा नव्हे. तो घडीव लोखंडाचा असतो. तो पातळ व हलका असून लवकर तापतो आणि लवकर निवतो. पोळीसाठी आच वारंवार कमीअधिक करावी लागते, म्हणून तिला हा तवा सोयीचा. बीड याच्या उलट वागते. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे चौपट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणजेच बिडात उष्णता हळूहळू पसरते. परंतु जाड व जड तवा एकदा नीट तापला, की तो उष्णता धरून ठेवतो. थंड पीठ ओतल्यावर त्याचे तापमान एकदम खाली येत नाही. घावन, आंबोळी, धिरडे आणि थालीपीठ यांना हीच गोष्ट हवी असते.

निवड करताना

तवा विकत घेताना पुढील बाबी पाहाव्यात.

पहिली बाब वजनाची. सव्वीस सेंटिमीटर व्यासाचा आणि साडेचार मिलिमीटर जाडीचा तवा पावणेदोन किलोच्या आसपास भरतो. दांडा असल्यास वजन आणखी वाढते. ज्या व्यक्तीला रोज स्वयंपाक करावयाचा आहे, तिनेच तो एका हाताने उचलून पाहावा. न पेलणारे भांडे कितीही उत्तम असले, तरी ते अखेरीस माळ्यावरच जाते.

दुसरी बाब अखंडतेची. तवा कानाने पकडून लाकडाने हलकेच ठोकावा. खणखणीत नाद आला तर ओतकाम सलग आहे असे समजावे. बद्द आवाज आल्यास कोठे तरी चीर असण्याचा संभव असतो.

तिसरी बाब पृष्ठभागाची. ओतीव पृष्ठभाग किंचित खरखरीत असणे स्वाभाविक आहे. मात्र डोळ्यांना दिसणारी छिद्रे, खड्डे किंवा टोकदार कडा नसाव्यात. पांढरे फडके घासून पाहावे. नुसते तेल किंवा काजळी लागली तर हरकत नाही, पण रंगाचे पापुद्रे निघत असतील तर असा तवा घेऊ नये.

चौथी बाब बुडाची. गॅसच्या शेगडीवर तवा डळमळता कामा नये. विजेच्या इंडक्शन शेगडीवर बिडाचे भांडे चालते, परंतु त्यासाठी बूड सपाट हवे. ज्या भांड्यांवर काचेसारखा मुलामा दिलेला असतो, ती गंजत नाहीत. परंतु त्यांतून अन्नात लोहही उतरत नाही, हे ध्यानात ठेवावे.

नवा तवा तयार करणे

नव्या तव्यावर थेट स्वयंपाक करावयाचा नसतो. प्रथम तो गरम पाणी व साबणाने घासून धुवावा आणि लगेच मंद आचेवर पूर्ण कोरडा करावा. नंतर त्यावर दोन्ही बाजूंनी तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि कोरड्या फडक्याने तो जवळजवळ पुसून टाकावा. मग तवा धूर येईपर्यंत तापवावा आणि आपोआप निवू द्यावा. हीच कृती चार-पाच वेळा करावी. शेवटी अर्धा कांदा तेलात बुडवून तापलेल्या तव्यावर घासावा, किंवा थोडा चिरलेला कांदा तेलावर काळसर होईपर्यंत परतून टाकून द्यावा.

या कृतीने नेमके काय घडते? तेल तापविले असता त्याचे कण हवेतील प्राणवायूशी संयोग पावून एकमेकांना जोडले जातात आणि लोखंडावर एक कठीण, काळा, गुळगुळीत थर तयार होतो. अन्न चिकटू न देणारा आणि गंज रोखणारा तो हाच थर. जवस व करडई यांची तेले लवकर सुकणारी असल्याने त्यांचा थर चांगला बसतो; पण घरात नेहमीचे शेंगदाणा तेल असेल तर तेही पुरते. तेल जास्त लावल्यास मात्र थर बसण्याऐवजी चिकट राप चढतो. अनेकांचा तवा बिघडतो तो तेल कमी पडल्याने नव्हे, तर जास्त झाल्याने.

तव्यावर स्वयंपाक

चुलीवरील जाळ तव्याच्या साऱ्या बुडाला लागत असे. गॅसची ज्योत मध्यभागी लहान वर्तुळात लागते. उष्णता बिडात सावकाश पसरत असल्याने मोठ्या आचेवर तव्याचा मध्य जळतो आणि कडा थंड राहतात. म्हणून गॅसवर तवा सुरुवातीची पाच-सात मिनिटे मंद आचेवर तापवावा. पाण्याचे थेंब शिंपडले असता ते चुरचुरून नाहीसे झाले, म्हणजे तवा तयार झाला.

घावनाचे पीठ पातळ असावे. तव्यावर कांद्याने किंवा नारळाच्या शेंडीने तेलाचा हात फिरवावा, पीठ कडेकडून मध्याकडे ओतावे आणि झाकण ठेवावे. कडा आपण होऊन सुटू लागल्या, की उलथणे घालावे. त्यापूर्वी घाई केल्यास घावन फाटते. थालीपीठ ओल्या फडक्यावर थापून मग तव्यावर टाकावे, मध्ये भोके पाडून त्यांत तेल सोडावे आणि मंद आचेवर खरपूस होऊ द्यावे. तव्याच्या पहिल्या काही आठवड्यांत तेलावरचेच पदार्थ करावेत, म्हणजे थर पक्का होत जातो.

निगा

वापरानंतर तवा कोमट असतानाच गरम पाणी व काथ्याने घासावा. थोडा साबण लागला तरी पक्का झालेला थर जात नाही. मात्र तवा रात्रभर पाण्यात भिजत ठेवू नये आणि चिंचेने घासू नये. धुतल्यावर तो पुसून मिनिटभर आचेवर सुकवावा आणि बोटभर तेल चोळून ठेवावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, तो कागदात गुंडाळून ठेवणे चांगले. बीड कठीण असले तरी ठिसूळ असते. तापलेल्या तव्यावर थंड पाणी ओतल्यास किंवा तो फरशीवर पडल्यास तडकतो.

गंज चढला म्हणून तवा टाकून देऊ नये. वाळूने किंवा तारेच्या घासणीने गंज काढून तो पुन्हा पहिल्यासारखा तयार करता येतो. माळ्यावरच्या तव्यालाही हाच न्याय लागू आहे.

लोह कोठून मिळते?

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. जो तवा गुळगुळीत, काळाभोर आणि न चिकटणारा झाला, त्यातून अन्नात लोह कमीच उतरते. कारण तेलाचा थर अन्न व लोखंड यांच्या मध्ये असतो. शिवाय भाकरी अथवा घावन कोरडे असून तव्यावर थोडाच वेळ राहते. लोह उतरण्यास ओलावा, आंबटपणा आणि वेळ या तिन्हींची गरज असते. म्हणून तवा ही मुख्यतः स्वयंपाकाची सोय आहे. आहारातील लोहाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते कढईचे. पालेभाजी, वरण, टोमॅटोची भाजी, तसेच अंबाडी व चुका यांसारख्या मुळातच आंबट भाज्या लोखंडी कढईत शिजविल्यास त्यांतील लोह वाढते. आंबट पदार्थांनी कढईचा थर थोडा झिजतो, तो अधूनमधून तेल लावून पुन्हा बसवावा. अन्न शिजताच ते स्टीलच्या भांड्यात काढावे. तसेच ठेवल्यास ते काळे पडते आणि त्याला लोखंडाची चव येते.

किती लोह मिळेल याचा एकच आकडा सर्वांना लागू पडत नाही. भांडे नवे की जुने, पदार्थ किती आंबट, किती वेळ शिजला, यांवर ते अवलंबून असते. भांड्यातून आलेले हे लोह वनस्पतिज अन्नातील लोहाप्रमाणेच शरीरात अंशतः शोषले जाते. जेवताना ताटात लिंबू पिळल्यास शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते घटते.

इथिओपियाच्या उत्तर भागात बालकांवर वर्षभर केलेल्या आणि १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लोखंडी भांडी दिलेल्या कुटुंबांतील मुलांचे हिमोग्लोबिन सरासरी १.७ ग्रॅमने वाढले. ॲल्युमिनियमची भांडी वापरणाऱ्या कुटुंबांत ही वाढ ०.४ ग्रॅम होती. सर्वच ठिकाणी असे यश आलेले नाही. मलावी देशातील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जड वजन आणि गंज यांमुळे अनेक कुटुंबांनी अशी भांडी वापरणे सोडून दिल्याचे आढळले. आपल्याकडील माळ्यावरच्या तव्याची कथाही याहून वेगळी नाही. नुसते भांडे देऊन भागत नाही. ते कसे वापरावे हेही सांगावे लागते.

सावधगिरी

बिडाची कढई हे औषध नव्हे. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा आणि गर्भवतींमध्ये ११ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय मानला जातो. अशा वेळी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या नियमितपणे घेतल्याच पाहिजेत. ‘कढई आणली, आता गोळ्या कशाला?’ असा समज कोणीही करून घेऊ नये. तसेच प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या अभावानेच होतो असे नाही. सिकलसेल व थॅलेसेमिया हे आनुवंशिक विकार आहेत. थॅलेसेमियाच्या रुग्णाच्या शरीरात तर लोह साठत जाण्याचा धोका असतो. अशा रुग्णांच्या बाबतीत वैद्यकीय सल्ल्यानेच वागावे.

गावपातळीवर काय करता येईल?

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. २०१८ पासून दरवर्षी सप्टेंबरमध्ये साजऱ्या होणाऱ्या पोषण माहात अंगणवाडीत जे पाककृतींचे प्रात्यक्षिक होते, त्यात एक तवा तयार करून दाखविता येईल. त्याच दिवशी लोखंडी कढईत पालेभाजी शिजवून ती लगेच दुसऱ्या भांड्यात काढण्याची रीतही दाखवावी. शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला गंज, धातूंचे उष्णतावहन आणि आम्लांचा परिणाम हे तिन्ही धडे एका तव्यावर शिकविता येतील. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने रक्ततपासणीच्या शिबिरातच या माहितीची जोड द्यावी. आणि गावातील ज्या वृद्ध स्त्रियांच्या तव्यावर आजही घावन न चिकटता सुटते, त्यांनाच या प्रात्यक्षिकासाठी पाचारण करावे. त्यांच्याइतका अनुभवी शिक्षक अन्यत्र शोधावा लागणार नाही.

बिडाचे भांडे नीट सांभाळले तर दोन-तीन पिढ्या टिकते आणि फुटले तरी पुन्हा वितळवून ओतता येते. घरात असा तवा किंवा कढई पडून असेल, तर ती खाली काढून घासावी, तेल लावून तापवावी आणि पुन्हा वापरात आणावी. त्यासाठी लागणारा वेळ एका दुपारीपेक्षा अधिक नाही.