घरातली वीज, ओली त्वचा आणि एक भागाकार

पावसाळा सुरू झाला की सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात शॉक लागलेले रुग्ण वाढतात. कोणी ओल्या हातानं मोटारीचा स्टार्टर दाबलेला असतो, कोणी लोखंडी तारेवर कपडे वाळत घातलेले असतात, तर कोणी बादलीतला रॉड चालू असतानाच पाणी तापलं का ते बोट बुडवून पाहिलेलं असतं. सोबत आलेल्यांचं बोलणं मात्र बहुतेक वेळा तेच असतं : ‘‘घरातलीच लाइट होती डॉक्टर, हाय टेन्शन नव्हती. आणि एमसीबीसुद्धा पडला नाही.’’ या दोन्ही दिलाशांना आधार नाही. तपासायचं तर शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरतो.

कोलोनमध्ये शाळामास्तरकी केलेल्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये तो पुस्तकातून मांडला. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध मिळतो आणि व्होल्टेजला करंटनं गुणलं की शक्ती, म्हणजे वॉट. म्हणून व्होल्टेज आणि रोध माहीत असेल तर किती करंट वाहील, हेही काढता येतं. मार्कांसाठी आपण बल्बचं गणित सोडवतो. तेच आता माणसाच्या शरीराचं करून पाहू.

शरीराच्या आत रक्त आणि स्नायू म्हणजे एक प्रकारचं खारट पाणीच. त्याचा रोध जेमतेम काही शे ओहम. आपल्याला वाचवते ती वरची कोरडी, राठ त्वचा; तिचा रोध काही हजारांपासून लाखापर्यंत जाऊ शकतो. समजा तो ५० हजार ओहम आहे. घरातले २३० व्होल्ट भागिले ५० हजार म्हणजे साधारण साडेचार मिलिअँपिअर. झिणझिण्या येतील, हात झटकला जाईल. आता तोच माणूस अनवाणी, ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी. रोध उतरून हजार ओहमच्या आसपास येतो. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. व्होल्टेज तेच, करंट मात्र पन्नासपट.

साधारण दहा मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात. मूठ मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा बळकट असल्यानं तार सुटत नाही. ‘विजेनं ओढून धरलं’ असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात धरलेलं असतं ते आपल्याच हातानं. त्यात घाम सुटतो, त्वचा जळू लागते, रोध आणखी घसरतो आणि करंट वाढत जातो. वीस-तीस मिलिअँपिअरला छातीचे स्नायू जखडून श्वास अडू शकतो. पन्नास-शंभरच्या पुढे, करंट छातीतून जात असेल, तर हृदय तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरत राहण्याचा धोका असतो. मग रक्त पुढे ढकललं जात नाही.

यात शक्ती किती? २३० व्होल्ट गुणिले ०.२३ अँपिअर, म्हणजे ५३ वॉट. जुन्या साठ वॉटच्या पिवळ्या बल्बपेक्षाही कमी. त्यामुळेच मृताच्या अंगावर कधी कधी भाजल्याची खूण शोधावी लागते. अकरा हजार व्होल्टच्या तारेनं माणूस आतून भाजतो, ती वेगळी आणि भयंकर गोष्ट. घरातली वीज मुख्यतः हृदयाचा ताल बिघडवते.

आता एमसीबी. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळाच्या बराच पुढे करंट गेल्यावर पडतो. माणसातून जातोय पाव अँपिअरपेक्षाही कमी. ७५ वॉटचा छताचा पंखा याहून जास्त घेतो! एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नव्हे. माणसासाठी असतो ईएलसीबी किंवा आरसीसीबी. गेलेला आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणार्धात वीज तोडतो. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावं. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला, तर त्यालाही काही कळत नाही. अर्थिंगची पिन मोडून तीन पिनांचा प्लग दोन भोकांत बसवणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

रॉडच्या प्लगचंही गणित करून पाहा. १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा अँपिअर; सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला ते आधीच जास्त. त्यात पिन सैल असून तिथं अर्धा ओहम रोध असेल, तर करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे एकवीस वॉट उष्णता त्या टिचभर जागेत साठते. छोट्या सोल्डरिंग आयर्नची ताकद जवळपास तेवढीच. प्लग गरम लागत असेल, तर तो बदला.

शॉक लागलेल्याला आधी हात लावू नका. मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीनं तार दूर सारा. शुद्ध आणि श्वास नसेल तर १०८ ला फोन करायला कोणाला तरी सांगून लगेच छाती दाबायला लागा : मधोमध, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मदत पोहोचेपर्यंत. रुग्ण क्षणभर बेशुद्ध होऊन पुन्हा ठणठणीत उठून बसला, तरी त्याच दिवशी त्याचा ईसीजी काढून घ्या.