मांडीचं हाड मोडल्यावर कळ सोसायची कशासाठी?

आजी मोरीत घसरते, खुब्याचं हाड मोडतं, आणि कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर घरातलंच कुणीतरी म्हणतं, "थोडं सोस गं, ऑपरेशन झालं की थांबेल." पण ऑपरेशन त्याच दिवशी होईल असं नाही. तोवर तिला चादरीसकट उचलून एक्स-रेच्या टेबलावर ठेवतात, परत स्ट्रेचरवर घेतात, बेडपॅन देतात. दर वेळी मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर घासतात. त्यामुळे वेदनाशमनाला आल्या आल्या सुरुवात व्हायला हवी. तो उपचाराचाच भाग आहे.

गैरसमज : दुखणं दाबलं तर निदान चुकेल.

मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, त्यासाठी रुग्णाला कळवळत ठेवायची गरज नसते. उलट कळ कमी असली की पाय नीट ठेवता येतो आणि फोटोही चांगला येतो. मात्र पाय बधिर करण्याआधी पावलाची नाडी, बोटांची हालचाल आणि स्पर्शाची जाणीव तपासून लिहून ठेवावी लागते.

गैरसमज : म्हाताऱ्या माणसाला जोरदार औषध दिलं तर भ्रम होतो.

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीनं होतं. मॉर्फिनसारख्या औषधानं ग्लानी येऊ शकते, श्वास मंदावू शकतो, हे खरंच. म्हणून ते थोडं थोडं, लक्ष ठेवून देतात. पण न शमलेली वेदनासुद्धा वृद्धांना भ्रमात ढकलते, रात्रभर बरळायला लावते. आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन या वयात मूत्रपिंडाला आणि जठराला धोक्याचं ठरू शकतं. खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी या गटातली औषधं नकोत, असं ब्रिटनची 'नाइस' ही संस्था सांगते. तिथे पाया पॅरासिटामॉलचा, एरवी काही अडचण नसेल तर दर ६ तासांनी.

तेवढ्यानं भागत नसेल तर नर्व्ह ब्लॉक. जांघेखाली, मांडीच्या पुढच्या बाजूला स्नायूवर एक पातळ पडदा असतो. सोनोग्राफीवर पाहत त्या पडद्याखाली भुलीचं औषध पसरवतात. साधारण अर्ध्या तासात खुब्याकडच्या नसा बधिर होऊ लागतात आणि आराम कित्येक तास टिकतो. माणूस पूर्ण जागा असतो. ही पद्धत फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९८९ मध्ये लहान मुलांसाठी मांडली होती. अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात खुब्याच्या रुग्णांना अशा ब्लॉकनं हालचालीतली वेदना कमी झाली, भ्रमाचं आणि छातीतल्या संसर्गाचं प्रमाणही घटलं, असं आढळलं. तुमच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ असेल तर ब्लॉकबद्दल जरूर विचारा.

गैरसमज : पायाला वजन लावलं की दुखणं थांबतं.

हाड कुठे मोडलंय त्यावर हे ठरतं. अपघातात मांडीचं हाड मधोमध मोडलं की भोवतीचे दणकट स्नायू आखडतात, तुकडे एकमेकांवर चढतात आणि मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साचू शकतं. इथे पाय ताणून धरणारी पट्टी खरोखर आराम देते. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी बनवलेल्या अशा पट्टीनं पहिल्या महायुद्धात असंख्य सैनिकांचे प्राण वाचले. खुब्यात मोडलं असेल तर मात्र ऑपरेशनआधी पायाला विटा टांगून दुखणं कमी होतं, याला अभ्यासांत पुरावा मिळालेला नाही. वजन टांगायला पायाला गुंडाळलेल्या पट्ट्यांनी म्हाताऱ्या कातडीला फोड मात्र येऊ शकतात.

तेल लावून चोळणं आणि घरच्या घरी पाय ओढणं कुठल्याच फ्रॅक्चरला चालत नाही.

औषध दिल्यावर अर्ध्या तासानं पुन्हा विचारा, आणि पडून असताना किती दुखतंय याबरोबरच पाय हलवला की किती दुखतं, तेही. ज्यांना स्मृतिभ्रंशामुळे सांगता येत नाही, त्यांच्या कपाळावरच्या आठ्या, आवळलेल्या मुठी, कूस बदलताना निघणारं कण्हणं नर्सला दाखवा.